दहा दिवसांची गोळी अडीच वर्षं चालू आहे. हे दुखणं म्हणायचं की व्यसन?

रेणाकाठची | मंगळवार, रात्री ११:५२

इथं मी एरवी वाचनमात्र असते. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा भाऊ, वय ३४. टेंपो चालवायचा, आमच्या भागातलं सोयाबीन लातूरच्या आडतीवर न्यायचा. अडीच वर्षांपूर्वी पोती उतरवताना टेंपोवरून पाठीवर पडला. कमरेचा मणका मोडला, ऑपरेशन झालं, स्क्रू बसवले. घरी सोडताना ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली. दिवसातून दोन, दहा दिवस. ती चिठ्ठी मी परवा पुन्हा काढून पाहिली. घड्यांवर फाटून तिचे चार तुकडे झालेत, मागून चिकटपट्टी लावलीय. 'दहा दिवस' हे अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं. त्याच चिठ्ठीवर अडीच वर्षं गोळ्या येतायत.

परवा वहिनीनं निवडायला ज्वारी काढावी म्हणून कोठीत हात घातला, तर हाताला रिकाम्या पाकिटांचा जुडगा लागला. रबर लावून, नीट एकावर एक ठेवलेला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "दिवसाला दहा-बारा लागतात. नाही घेतल्या तर अंथरुणातून उठता येत नाही." आईनं रागाच्या भरात घरात होत्या तेवढ्या गोळ्या चुलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्याला जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब. पाय एका जागी ठरेनात. रात्रभर भिंतीला टाचा घासत होता. पोपडे पडलेत तिथं. पहाटे वडील स्वतः मेडिकलवाल्याला उठवून पाकीट घेऊन आले आणि तासाभरात हा माणूस उठून चहा प्यायला बसला.

आई म्हणते नशेकरी झाला. वडील म्हणतात पाठ दुखते म्हणून घेतो, त्याला नशेकरी म्हणू नका. दारूचा थेंब कधी घेतला नाही त्यानं. खरं काय? आणि त्याला न्यायचं कुठं? गावात कळलं तर त्याच्या पोरीपर्यंत बोलणं जाईल, ही वहिनीची भीती आहे.

बाभूळबन | बुधवार, सकाळी ६:३०

ताई, राग मानू नका, पण हे व्यसनच आहे. चार दिवस खोलीत कोंडा, बाहेरून कडी लावा. ओरडंल, रडंल, पाचव्या दिवशी सरळ होतंय. आमच्या चुलत्याची दारू अशीच सुटली.

सेलूची_लेक | बुधवार, सकाळी ७:१५

@बाभूळबन, दारू अशी एकाएकी तोडली तर माणूस दगावू शकतो. तुमचे चुलते वाचले हे नशीब समजा. कृपया कुणाला असं सांगू नका.

भूलवाला_डॉक्टर | बुधवार, दुपारी २:०५

रेणाकाठची ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. रोज ही औषधं हाताळतो म्हणून लिहितो, पण भावाला तपासून सांगणारा डॉक्टर वेगळाच लागेल, मानसोपचाराचा.

आधी आजचं. गोळ्या फेकू नका, एकदम बंद करू नका, आणि वाढवूही देऊ नका. त्या गोळीत साधारणपणे ट्रामाडोल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. बारा गोळ्या म्हणजे ४५० मिलिग्रॅम ट्रामाडोल. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे, त्यावर फिट येण्याचा धोका वाढत जातो. आणि पॅरासिटामॉल झालं ३९०० मिलिग्रॅम. चार हजाराच्या काठावर. उद्या ताप आला आणि कुणी सहज तापाची गोळी दिली की मर्यादा ओलांडली, मग लिव्हर धोक्यात. म्हणून थांबायला वेळ नाही, याच आठवड्यात न्या. तोवर सोबत दारू किंवा झोपेची गोळी अजिबात नको. ही सगळी मिळून श्वास मंदावतात.

आता तुमचा प्रश्न. आपल्या मेंदूला दुखणं दाबणारं स्वतःचं रसायन असतं. बाहेरून रोज तसलंच, म्हणजे ट्रामाडोलसारखं अफूच्या जातीचं औषध मिळायला लागलं की मेंदू आपला कारभार आवरता घेतो. गावाला वर्षानुवर्षं टँकर येत राहिला की विहिरीतला गाळ काढायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, तसं. मग एक दिवस टँकर चुकला की नुसती तहान नाही, हाहाकार होतो. त्या रात्री तुम्ही पाहिलं ते हेच. याला आम्ही शरीराचं अवलंबित्व म्हणतो. प्रामाणिकपणे चिठ्ठीप्रमाणे गोळी घेणाऱ्यालाही हे होतं, त्यात कुणाचं चारित्र्य येत नाही.

व्यसन त्याच्या पुढची पायरी. गोळी लपवणं, तिच्यासाठी खोटं बोलणं, नुकसान दिसत असूनही हात न आवरणं. कोठीतला जुडगा पाहता भाऊ त्या पायरीवर आलाय असं वाटतं. म्हणजे आईचंही बरोबर, वडिलांचंही बरोबर. दोन्ही आजारच आहेत आणि दोन्हींवर उपचार आहे.

अजून एक. ही औषधं फार दिवस घेतली की काही जणांत दुखण्याची जाणीवच वाढते. अंमल उतरताना जी पाठ ठणकते, त्यातलं मणक्याचं किती आणि गोळीचं किती, हे गोळी कमी केल्यावरच कळतं.

चहाबाज | बुधवार, दुपारी ३:४०

टँकरचं उदाहरण मराठवाड्याबाहेर कुणाला सुचलं नसतं डॉक्टरसाहेब. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत या, हाहाकार दाखवतो.

मेडिकलवाला_परभणी | बुधवार, रात्री १०:२०

काउंटरच्या आतल्या बाजूनं लिहितो, कारण या धाग्यात आम्हीही आहोत.

ट्रामाडोल एच-१ यादीत आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. २०१४ च्या मार्चपासून त्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, सगळं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. फाटलेल्या जुन्या चिठ्ठीवर अडीच वर्षं माल देणं हा सरळसरळ गुन्हा आहे, आणि असं दुकान तालुक्याला एखादं तरी असतं, हे नाकारून काय उपयोग?

पण गिऱ्हाईक कसं येतं तेही सांगतो. म्हातारी माय येते, पोराचं रिकामं पाकीट पदरात बांधून आणलेलं. "लेकरू तळमळायलंय रे बाबा, दोनच दे." नाही म्हटलं की शिव्या खायच्या, आणि हो म्हटलं की रात्री झोप लागत नाही. मी दोन वर्षांपासून एक करतो. नाही म्हणतो आणि पाकिटाच्या मागं १४४४६ लिहून देतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाइन आहे. किती जण फोन करतात माहीत नाही. एक जण करून परत आला होता, केळी घेऊन.

किल्लारीकर | गुरुवार, सकाळी ५:५०

झोप लागली नाही हा धागा वाचून. वडिलांचं लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचं दगडमातीचं घर बसलं. आजी आणि धाकटी बहीण गेली. वडिलांचा उजवा पाय मांडीपासून माळवदाखाली होता. पाय वाचला पण दुखणं राहिलं. पत्र्याच्या शेडात राहत होतो तेव्हा एक जण गावोगाव फिरून सुई द्यायचा, पेंटाझोसिनची. ती पण अफूच्याच जातीची. देणाराही वाईट नव्हता, वडिलांना घेताना पाहिलंय मी, सुई टोचली की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून जायच्या. वर्षभरात ते स्वतःच टोचून घ्यायला लागले. दंड आणि मांड्या लाकडासारख्या टणक झाल्या, सुई वाकायची, जखमा भरेनात. नवीन घराला मिळालेल्या पैशातले किती गेले त्याचा हिशेब आईनं कधी केला नाही.

तेव्हा कुणी सांगितलं नाही की हा आजार आहे. आम्ही पोरं शाळेत "सुईवाल्याची पोरं" होतो. वडील २००४ मध्ये गेले. मी आजतागायत त्यांच्यावर रागावलो होतो. डॉक्टरांचा 'चारित्र्य येत नाही' हा शब्द वाचून उठून बसलो.

ताई, भावाला न्या. गावाचं बोलणं चार दिवसांचं असतं.

सेलूची_लेक | गुरुवार, सकाळी ८:३०

किल्लारीकर दादा, काय लिहू. नमस्कार.

आशाताई_धारूर | गुरुवार, दुपारी १:१०

मला वेगळंच विचारायचंय. आमच्याकडच्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या बाया फडावर रोज दुखण्याची गोळी खातात. सकाळी एक, मोळ्या वाहून झाल्या की एक. मुकादमाची उचल फेडायची असते, खाडा परवडत नाही. ती पण हीच का? त्यांचं पण व्यसन होतं का?

भूलवाला_डॉक्टर | गुरुवार, रात्री ९:००

आशाताई, पाकिटावरचं नाव वाचा. बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा तसलीच असते. ती अफूच्या जातीची नाही, तिची अशी ओढ लागत नाही. पण रोज, उपाशीपोटी, उन्हात पाणी न पिता खाल्ली तर पोटात अल्सर होतो आणि किडनी खराब होते. परतलेल्या बायकांची रक्तदाबाबरोबर क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी करून घ्या. पाकिटावर ट्रामाडोल, टॅपेंटाडोल किंवा कोडीन लिहिलेलं दिसलं तर गोष्ट वेगळी.

संभाजीनगरी | गुरुवार, रात्री ९:२५

आमच्याकडं ज्याला 'बटन' म्हणतात ते पण हेच ना?

मेडिकलवाला_परभणी | गुरुवार, रात्री ९:४०

नाही. ती बहुतेक झोपेच्या गोळ्यांच्या जातीतली. नशा वेगळी, सोडवायची पद्धतही वेगळी. दोन्ही एकत्र घेणारी पोरं असतात, त्यांना सगळ्यात जास्त धोका.

रोलिंग_मिल | शुक्रवार, रात्री १२:३५

जालन्यातून. इथं कुणी स्वतः त्यातून गेलेलं लिहीत नाहीये, म्हणून मी लिहितो.

सळईच्या मिलमध्ये नाइट करायचो. भट्टीपुढं बारा तास. खांदा दुखला म्हणून सोबतच्यानं एक गोळी दिली. खांदा तर थांबलाच, पण अंगात असं काही आलं की मी त्या रात्री दोघांचं काम केलं, घरी येऊन बायकोशी गोड बोललो. ट्रामाडोलचं हेच फसवं आहे. झोपवत नाही, काही जणांना उलट उभं करतं. सहा महिन्यांत त्या आनंदाचा मागमूस राहिला नाही. नंतरच्या सगळ्या गोळ्या मी फक्त आजारी पडू नये म्हणून खाल्ल्या. हे घरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं पोरगं मजा करायलंय.

एका पहाटे मिलमध्येच फिट आली. घरच्यांनी फेफरं समजून देवाला नेलं, लिंबू उतरवलं. दुसरी फिट आली तेव्हा दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरनं सगळ्यांना बाहेर काढून मला एकट्याला विचारलं, "गोळ्या किती घेता?" 'घेता का' नाही, 'किती घेता'. मी रडलो आणि आकडा सांगितला.

मला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू केली, जिभेखाली ठेवायची. ती पण अफूच्याच जातीची, पण मंद आणि लांब चालणारी. तळमळ थांबते, नशा चढत नाही. लोक म्हणाले एक सोडून दुसरी धरली. म्हणू द्या. त्या गोळीवर मी कामाला जायला लागलो. पाच महिन्यांनी वाटलं बरा झालो, स्वतःच बंद केली. दोन महिने चांगले गेले. मग मेहुण्याच्या लग्नात जुना सोबती भेटला आणि मी पूर्वी घ्यायचो तेवढ्याच गोळ्या एकदम घेतल्या, वर बिअर. शरीराची जुनी सवय गेलेली असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. ओठ निळे पडले होते म्हणे. बायकोनं वेळेत उचललं म्हणून आज टाइप करतोय.

ताई, दोन गोष्टी. भाऊ पुन्हा घसरला तर आकाशपाताळ एक करू नका, पण एकटं सोडू नका. घसरल्यावरच माणूस मरतो. आणि हातपाय बांधणारं, मारणारं केंद्र कुणी सुचवलं तर पाया पडून नाही म्हणा. मी अशा एका ठिकाणी अकरा दिवस होतो. तिथून शिकलो ते एवढंच की सुटल्यावर पहिलं मेडिकल किती पावलांवर आहे.

आज तीन वर्षं चार महिने झाले. खांदा अजून दुखतो. व्यायाम करतो, शेकतो.

बाभूळबन | शुक्रवार, सकाळी ६:४५

माझा सल्ला मागं घेतो. मिलवाले भाऊ, सलाम.

माळकरी | शुक्रवार, सकाळी ९:१०

पांडुरंगाची माळ घालून कितीतरी लोकांची दारू सुटलेली पाहिलीय मी. भावाला वारीला न्या ताई.

रोलिंग_मिल | शुक्रवार, दुपारी ४:००

माउली, माझ्याही गळ्यात आहे. पण डॉक्टरकडं जाऊन दहा महिने झाल्यावर घातली. आधी पोटाचे जुलाब तर थांबले पाहिजेत.

सेलूची_लेक | शनिवार, सकाळी ११:००

सगळं पटतंय, पण एक काळजी वाटते म्हणून लिहिते. माझ्या आईला तोंडाचा कॅन्सर होता. शेवटच्या चार महिन्यांत डॉक्टरांनी मॉर्फिन सांगितलं तेव्हा मामा अडून बसले, "तिला नशेच्या गोळ्या देणार नाही, सवय लागेल." बारा दिवस आई उशी चावत झोपली, उशीचा कोपरा फाटला होता. शेवटी संभाजीनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलमधल्या नर्सताईंनी मामांना विचारलं, "सवय लागून ती कुठं जाणारे, मामा?" त्या रात्री आई झोपली आणि सकाळी तिनं स्वतःहून पेज मागितली.

हा धागा वाचून कुणाच्या घरातल्या कॅन्सरच्या माणसाचं औषध बंद होऊ नये.

भूलवाला_डॉक्टर | शनिवार, दुपारी ३:३०

सेलूच्या ताईंनी लिहिलं ते शंभर टक्के. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला तो अशा रुग्णांना मॉर्फिन सहज मिळावं म्हणूनच. तीच औषधं, प्रश्न असतो कुणाला, किती दिवस आणि कोण लक्ष ठेवतंय याचा. ऑपरेशननंतरच्या दहा दिवसांनी कुणी भावाला परत बोलावून "आता बंद करू" म्हटलं असतं तर हा धागा निघाला नसता. हे आमच्या पेशाचं देणं आहे.

नांदेडचा_वकील | शनिवार, सायंकाळी ६:१५

गाव आणि पोलीस या भीतीबद्दल. उपचाराला गेलं म्हणून गुन्हा दाखल होत नाही. उलट अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये, थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण आहे. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. व्यसनाचे आजार त्यात येतात.

रेणाकाठची | शनिवार, रात्री ११:२०

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत. भावाला मोबाइल दिला आणि मिलवाल्या दादांचा प्रतिसाद वाचायला लावला. दोनदा वाचला. मग म्हणाला, "भिंतीला टाचा घासतात ते त्यानं नाही लिहिलं." एवढंच. पण यायला तयार झालाय. लातूरला ओळखीचे फार आहेत. अंबाजोगाईला जावं का?

मेडिकलवाला_परभणी | शनिवार, रात्री ११:४५

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाताना ती चिकटपट्टी लावलेली चिठ्ठी, ऑपरेशनची फाइल आणि गोळ्यांचं पाकीट तिन्ही न्या. आणि आकडा खरा सांगायला लावा. लोक लाजून निम्मा सांगतात, मग औषध निम्म्याच हिशेबानं बसतं आणि रात्री तळमळ होते.

चहाबाज | रविवार, सकाळी ८:००

आणि वहिनींनाही न्या. आमच्या आजोबांनी तंबाखू सोडली तेव्हा पेढे वाटायचा बेत आजीचा होता आणि चंची लपवायची जबाबदारीही आजीचीच. त्या बाईला कुणी विचारलं नाही.

रेणाकाठची | चोवीस दिवसांनी, रात्री १०:०५

उशीर झाला, माफ करा.

गेलो. भाऊ, वहिनी आणि मी. केसपेपर काढायला तासभर रांग, भाऊ तोंडाला गमछा गुंडाळून उभा. आत बाईडॉक्टर होत्या. त्यांनीही 'किती' असंच विचारलं. भाऊ "पाच-सहा" म्हणाला. वहिनी काही बोलली नाही, नुसता तो रबर लावलेला जुडगा टेबलावर ठेवला. भावानं गमछा सोडला आणि म्हणाला, "बारा. कधी चौदा."

रक्त तपासलं. लिव्हरवर थोडा परिणाम आहे पण सुधारेल म्हणाल्या. पॅरासिटामॉल असलेली गोळी आधी बंद केली. बदल्यात काय दिलं ते लिहीत नाही, वाचून कुणी स्वतः सुरू करायला नको. दर आठवड्याला थोडं कमी. आठवड्याचंच औषध मिळतं आणि ते वहिनीच्या ताब्यात. कालनिर्णयच्या पानावर रोज भाऊ स्वतः पेन्सिलनं रेघ मारतो. परवा एका दिवशी दोन रेघा दिसल्या. वहिनीनं मला फोन केला, आईला सांगितलं नाही. डॉक्टरबाईंना सांगितलं, त्यांनी आठवड्याऐवजी तीन दिवसांचं औषध केलं, रागावल्या नाहीत. रात्री अस्वस्थ वाटलं की १४४१६ लावा म्हणाल्या, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिथं मराठीत बोलतात. एकदा लावला. भाऊ ओसरीवर जाऊन वीस मिनिटं कुणाशी तरी बोलत होता. काय बोलला ते विचारलं नाही.

पाठ दुखते. पण रोज सकाळी व्यायाम शिकवलाय, तो लेकीला शेजारी बसवून करतो. ती आकडे मोजते, सोळानंतर चुकते.

आईनं भिंत पोतेऱ्यानं सारवून घेतली.

किल्लारीकर | चोवीस दिवसांनी, रात्री १०:३०

वाचलं. बरं वाटलं ताई.

नवी_सभासद_८ | दुसऱ्या दिवशी, रात्री १:१२

आजच नाव नोंदवलं. आम्ही परळीचे. आमचे मिस्टर पण हीच गोळी खातात, दीड वर्ष झालं. मला एकटीला त्यांना घेऊन जायची हिंमत होत नाही. रांगेत कुणी ओळखलं तर काय बोलायचं?

रेणाकाठची | दुसऱ्या दिवशी, पहाटे ५:४०

ताई, वैयक्तिक निरोप पाठवलाय, नंबर दिलाय त्यात. आमची पुढची तारीख मंगळवारची आहे. तुम्ही परळीहून या, मी केसपेपरच्या खिडकीजवळ थांबते. भाऊ म्हणालाय, मिस्टरांसोबत रांगेत तो उभा राहील.